वरून मिळालेली अक्षरं

माझ्या नवऱ्याचं नाव मी लग्नातल्या उखाण्यापुरतं घेतलं, त्यानंतर कधी घेतलं नाही. इथेही घेत नाही. आमच्याकडे बायका म्हणतात तसं 'हे' म्हणते. गेल्या उन्हाळ्यात हे गेले. भेटायला येणाऱ्यांनी घर भरून जायचं, आणि येणारा जवळजवळ प्रत्येक जण बसता बसता एकच वाक्य बोलायचा. सर शब्दाचे पक्के होते. मी मान हलवायचे. दुखवट्यात असली वाक्यं बोलली जातात, ती तपासायची नसतात. पण मी त्या वाक्यापाशी अडकून राहिले आहे. यांचा शब्द पक्का होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला कारण एक जुनं प्रकरण आहे. त्याला प्रकरण म्हणावं इतकंही ते मोठं नाही. काचेच्या कपाटात काय मांडायचं, एवढ्यावरून ते सुरू झालं.

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला, त्याच्या थोडं आधी यांनी कॉम्प्युटरचं दुकान काढलं. त्याआधी त्याच खोलीत टायपिंगचे वर्ग चालायचे. निम्म्या कचेऱ्यांतले कारकून यांच्या हाताखालून गेलेले, म्हणून गावात सगळे यांना सर म्हणत. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते, मला बाई म्हणत. टाइपरायटर विकून टाकले, भिंतीला नवा रंग दिला, रस्त्याच्या बाजूला काचेचं मोठं कपाट करून घेतलं आणि त्यात कॉम्प्युटर मांडले. धूळ बसू नये म्हणून त्यांना प्लास्टिकची झाकणं असायची. गिऱ्हाईक आलं की हे झाकण काढायचे. ते काढणं मला आवडायचं. पुस्तकाचं नवं कव्हर काढल्यासारखं वाटायचं.

गिऱ्हाईक मशीन बघायचं म्हणजे काय करायचं, तर बोटाच्या पेरांनी सीपीयूचा डबा वाजवायचं. माठ घेताना वाजवतात, तसं. मग दोन्ही हातांनी उचलून वजन बघायचं. जड असला की मान डोलवायचं. आमच्या समोरच्या बाजूला नंतर आणखी एक दुकान झालं. तो दुकानदार डब्याच्या तळाला लोखंडाची पट्टी बसवून देतो, अशी बोलवा होती. खरं खोटं कोण उघडून बघणार? डबा उघडला की गॅरंटी जाते, असं त्यानेच सांगून ठेवलेलं. हे मात्र त्या गोष्टीवर हसायचे नाहीत. एकदा मी हसले, तर म्हणाले, "लोकाला वजन पाहिजे, तो वजन देऊन राहिला. हसायचं काय त्यात?"

मशीन पसंत पडलं की शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा. "वरून काय देता?"

हा शब्द आमच्या भाजीबाजारातला. भेंडी घेतली, वांगी घेतली, की भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या वरून टाकते. टाकली नाही तर बाई तिथून हलत नाही. वरून दिलेल्याची किंमत विचारायची नसते आणि देणाऱ्यानेही ती काढायची नसते. कॉम्प्युटरच्या बाबतीत हे वरून म्हणजे सॉफ्टवेअर होतं. मराठी अक्षरं, हिशेबाचे कार्यक्रम, पत्ते खेळायचे खेळ, सगळं एका सीडीवरून मशीनमध्ये चढवून द्यायचं. ती सीडी कुठून यायची, हे मी विचारलं नाही. सगळ्याच दुकानांत तशीच सीडी होती. 'वरून' म्हटलं की चोरी हा शब्द जवळ येत नाही, एवढं मात्र मला तेव्हाही जाणवलं होतं.

चाचांनी मशीन घेतलं तेव्हा मी दुकानात होते. चाचा म्हणजे लग्नपत्रिका छापणारे, वडिलांपासून त्यांचा छापखाना. शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, त्यामुळे चाचा उलटं मराठी सुलट्यापेक्षा भरभर वाचायचे. पडद्यावरची सुलटी अक्षरं बघून त्यांचा जीव घाबरा व्हायचा. त्या दिवशी त्यांनी डबा वाजवला, उचलला, खाली ठेवला, आणि म्हणाले, "सर, वजन बराबर हाय. पर आतमधी काय हाय ते दिसून नाही राहिलं."

"सगळं आत हाय, चाचा," हे म्हणाले. "मराठी आत, उर्दू आत, फुलं, गणपती, कळस, सगळं आत. तुमाला वेगळं काही घ्यायचं काम न्हाई."

"कधीच न्हाई?"

"कधीच न्हाई."

"ही जबान झाली सर."

"झाली."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमी गवाह." आणि मी हसून मान हलवली होती.

पुढे काही वर्षांत मशीनचा धंदा बसत गेला. मोठ्या शहरांतून सुटे भाग आणून कोणीही डबा जोडायला लागलं. समोरचा दुकानदार आमच्यापेक्षा स्वस्तात द्यायला लागला. त्याच सुमारास एका कंपनीचा माणूस दर महिन्याला मोटारसायकलवरून यायला लागला. उन्हाळ्यातसुद्धा गळ्यात टाय. बोलणं गोड. तो यांना सर म्हणायचा, पण त्याच्या सरमध्ये टायपिंगच्या वर्गाचा संबंध नव्हता. तो येऊन गेला की हे कपाटाकडे बघत राहायचे.

एके दिवशी जेवताना म्हणाले, "आता दर्शनी काचेत सॉफ्टवेअर मांडायचं. मशीन मागं."

"काहून?" मी विचारलं.

"मशीन काय, उद्या किराणा दुकानात बी मिळंल. मशीन म्हंजे नुसता डबा. काम करतंय ते आतलं."

"मग इतके दिवस डबा विकला, ते?"

"तवा लोकाला डबाच कळायचा."

"तुम्ही दुसरं काही कळू दिलं का?"

यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "तू पुस्तकं घेतीस, ती कागदाच्या वजनावर घेतीस का?"

"मी नाही घेत. रद्दीवाला घेतो."

हे हसले. बोलणं तिथं संपलं. पण खरं सांगायचं तर मुद्दा मला पटला होता. आमच्या शाळेत तेव्हा नुकतेच कॉम्प्युटर आले होते. आले त्या दिवशी हार घातले, नारळ फोडला, पाहुण्यांनी भाषण केलं, आणि खोलीला कुलूप लागलं. पाहुणे आले की कुलूप काढायचं, मशीन मोजून दाखवायची, पुन्हा कुलूप. मुलांनी त्यावर करायचं काय, हे कोणी घेतलंच नव्हतं. मराठीचा एक धडा, भूगोलाचा एक नकाशा आत नव्हता. तपासायला आलेल्या साहेबांनीही कधी विचारलं नाही की मुलं यावर काय शिकतात. किती आहेत, एवढंच विचारलं. दुकानदाराने आधी काम दाखवावं, मग डबा, असं माझंही मत तेव्हा झालं आणि आजही आहे. दुकानात पाऊल टाकणाऱ्याला पहिल्यांदा विचारावं, तुम्हाला करायचंय काय. पण हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं. आधी वर्षानुवर्षं वरून टाकायचं आणि मग एका सकाळी त्याच कोथिंबिरीला काचेत ठेवून किंमत लावायची, तर लोक काय म्हणतील? आणि ज्याच्या सांगण्यावरून हे चाललं होतं, त्या टायवाल्या माणसाचा मला पहिल्यापासून भरवसा नव्हता.

काचेत रंगीत खोकी आली. पुस्तकापेक्षा मोठी, उशीपेक्षा लहान. यांनी पायऱ्या करून त्यावर लाल कापड टाकलं. महालक्ष्म्यांपुढे फराळ मांडावा तसं दिसत होतं. मशीन मागच्या खोलीत गेली. पहिल्या आठवड्यात लोक खरोखर मिठाईचं दुकान समजून डोकावून गेले. ओळखीचे होते, ते वेगळ्याच काळजीत पडले.

"सर, माल संपला का?"

"दुकान बंद करून राहिले का काय?"

"माझ्या मशीनची गॅरंटी हाय हां अजून, सांगून ठेवतो."

हट्टा गावाहून आलेल्या एका शेतकऱ्याने खोकं हातात घेतलं, कानाशी धरून हलवलं. आत एक सीडी आणि एक पातळ पुस्तिका. तो म्हणाला, "सर, ह्याच्यात काहीच न्हाई."

"त्याच्यातच तर सगळं हाय," हे म्हणाले.

"मग मागच्या टायमाला म्हणले, मशीनमधी सगळं हाय."

मी मागच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसले होते, तिथं मला ते ऐकू आलं.

चाचा तर मुद्दाम आले. काचेपुढे उभे राहून त्यांनी खोकी एकेक करून बघितली. त्यात मराठी अक्षरांचं एक खोकं होतं, छापखान्यांसाठीच काढलेलं. त्याच्यासोबत एक छोटं कुलूप यायचं, अंगठ्याएवढं, मशीनच्या मागे खोचायचं. ते खोचल्याशिवाय अक्षरं उमटायची नाहीत. म्हणजे त्याची नक्कल करून कोणी वरून देऊ शकणार नव्हतं.

"सर, हे काय हाय?"

"मराठी हाय, चाचा. असली मराठी."

"मग माझ्या मशीनमधी हाय, ती?"

"ती बी मराठीच."

"पर असली न्हाई?"

हे हसले. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "सर, एकच सांगा. तवा झूठ बोलले का आता बोलून राहिले?"

"चाचा, चालून राहिलं ना तुमचं? मग चालू द्या. मी कुठं म्हणलो घ्या म्हणून?"

"म्हणले न्हाई. काचेत ठेवलं," चाचा म्हणाले, आणि गेले.

त्यानंतरच्या महिन्यात टायवाला आला, तेव्हा सुट्टी होती आणि मी दुकानात होते. विक्री फार नव्हती. तो म्हणाला, "सर, जोपर्यंत जुन्या कॉप्या चालतायत, तोपर्यंत ओरिजिनल कोण घेणार?"

हे म्हणाले, "बघू."

एवढंच. मी तो शब्द पुढं किती वेळा ऐकला असेल, माझ्याच डोक्यात. 'बघू' माणूस टाळायलाही म्हणतो आणि ठरवूनही म्हणतो.

दिवाळीनंतर लग्नसराई लागायच्या आधी चाचांचं मशीन साफसफाईला आलं. दरवर्षी यायचं. छापखान्यातली धूळ, शाई, कागदाचा भुसा. हे डबा उघडून फुंकणीने सगळं उडवायचे, व्हायरस असला तर मशीन पुसून सगळं पुन्हा चढवायचे. तसंच ते झालं, मशीन परत गेलं.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका चाचांकडेच छापायला दिली होती. ती आणायला मी गेले, तेव्हा छापखान्याच्या दारात सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्याचा नायक उभा होता. तांड्याचा प्रमुख असतो, त्याला नायक म्हणतात. त्याच्या मुलीचं लग्न होतं. हातात पत्रिकांचा गठ्ठा.

"चाचा, हे माह्या पोरीचं लगन हाय का तमाशा हाय?"

"काय झालं नायक?"

"आख्खा तांडा हसून राहिला. पोरं वाचून राहिले, शुभ मुहूतावर. मुहूतावर म्हंजे कशावर, चाचा?"

चाचांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. "मुहूर्तावर हाय ते."

"वाचा ना मग. कुठं हाय? आन हे खाली? शुभाशीवाद द्यायला या म्हणे. आमी काय कोणाशी वाद घालायला बोलावलं का पाव्हण्याला?"

नायकाने मग माझ्याकडे गठ्ठा केला. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी वाचा."

मी वाचलं. रफार कुठेच नव्हता. अक्षराच्या डोक्यावरची ती छोटी कोयरी सगळ्या पत्रिकेतून नाहीशी झाली होती. मुहूर्त नव्हता, आशीर्वाद नव्हता, मंगल कार्यालयाचं कायालय झालं होतं. बाकी सगळं जागच्या जागी. पडद्यावर बघितलं तर तिथं रफार दिसत होता. कागदावर उतरताना तो गळत होता. चाचांनी पडद्यावर वाचून बराबर म्हटलं होतं, आणि नायकाला वाचता येत नव्हतं. मी माझा गठ्ठा उघडून बघितला. आमच्या शाळेचा वार्षिक कार्यक्रम 'वाषिक कायक्रम' झाला होता.

"बाई, मी काही केलं न्हाई हो," चाचा म्हणाले. घामाने त्यांचा चेहरा भिजला होता. "सरांकडून मशीन आली तशी लावली."

हे वाक्य त्यांनी काही आरोप म्हणून उच्चारलं नव्हतं. पण नायकाने वळून माझ्याकडे बघितलं, आणि मी माझा गठ्ठा पिशवीत टाकला.

त्याच आठवड्यात आणखी दोन ठिकाणांहून तशीच तक्रार आली. आखाडा बाळापूरला एक झेरॉक्सवाला अर्ज टाइप करून द्यायचा, त्याचे अर्ज कचेरीतून परत यायला लागले. पुसेगावच्या एका शिक्षकाचा प्रश्नसंच तसाच छापला गेला. दोन्ही मशीन अलीकडेच साफसफाईला येऊन गेलेली. समोरच्या दुकानदाराला दुसरं काय हवं होतं? त्याच्या पायरीवर चहा पिणारे हसून हसून बोलायचे, सरांनी रफार काढून काचेत विकायला ठेवलाय. माझ्या शाळेच्या शिक्षकखोलीतही मी आत गेले की बोलणं बदलायचं. यांनी इतकी वर्षं जो शब्द कमावला, तोच आता पणाला लागला होता, आणि बाजार तो उलटसुलट करून बघत होता.

मीही बघत होते. इतरांना ते सोपं होतं, त्यांच्या घरात हे राहत नव्हते. मी यांच्या प्रत्येक हालचालीत अर्थ शोधायला लागले. साफसफाईच्या वेळी यांनी जुनीच सीडी वापरली की दुसरी? दुसरी असेल तर ती कुठून आली? टायवाल्याने दिली का? जुन्या नकला आपोआप बिघडतात, हेही मी ऐकून होते. व्हायरसने बिघडतात, तारीख ओलांडली की बिघडतात. मग एकदम तिघांच्या, एकाच महिन्यात, एकच अक्षरखूण? पण तिघांची नक्कल एकाच सीडीवरून झालेली असेल, तर बिघाडही एकच होणार. मी असं दोन्ही बाजूंनी बोलत राहायचे, मनातल्या मनात, आणि दोन्ही बाजू मलाच पटायच्या.

शेवटी सकाळी यांचा जेवणाचा डबा भरताना मी विचारलं. "चाचांच्या मशीनमधला रफार तुम्ही काढला का?"

हे चपला घालत होते. थांबले. "काढायला तो काय कोथिंबिरीचा दांडा हाय?"

"सरळ सांगा ना."

"शाळेतून ऐकून आलीस का?"

"मी विचारते आहे."

"लोकं विचारून राहिले ते वेगळं," हे म्हणाले, "तू बी विचारून राहिलीस." आणि डबा न घेता गेले.

मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. विचारलं ते सोडून दुसरंच लिहिलेलं उत्तर मला लगेच ओळखू येतं. पण काही मुलं दुखावली म्हणूनही कोरा कागद देतात. यांचा तो कागद कोणता होता, कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

दुपारी सुट्टी घेऊन डबा पोचवायला गेले, तर दुकानात चाचा आणि नायक दोघंही होते. सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात बांधून चाचांनी मशीन आणलं होतं. बघायला पायरीपर्यंत माणसं जमलेली.

"सर," चाचा म्हणाले, "मला दुसरं काही बोलायचं न्हाई. तुमची जबान होती."

"व्हय, होती," हे म्हणाले.

"सगळं आत हाय म्हणले. आत न्हाई."

हे उठले, काचेतलं छापखान्याचं ते खोकं काढलं, सगळ्यांसमोर त्याचं कागदी सील फोडलं. सीडी मशीनमध्ये घातली. कुलूप मागे खोचलं. मग यांनी मुहूर्त हा एकच शब्द मोठ्या अक्षरात छापून नायकाच्या हातात दिला. नायकाने तो मला दाखवला. "बाई, हाय का?"

"आहे," मी म्हणाले.

"घ्या चाचा," हे म्हणाले. "मी बोललो होतो सगळं आत हाय. आता हाय. याचं काही द्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी नव्याने छापलेल्या पत्रिका घेऊन हे स्वतः नायकासोबत तांड्यावर गेले. तिथं यांना जेवू घातलं, असं संध्याकाळी आल्यावर सांगत होते. खूप दिवसांनी मोकळं बोलत होते.

मला वाटलं होतं, आता सगळं मिटेल. पण बाजार मिटवून घेणारा नव्हता. पायरीवरचे लोक म्हणायला लागले, चूक नव्हती तर फुकट काहून दिलं? आणि खरं म्हणजे तो प्रश्न माझाही होता. यांनी दिलं नसतं तर म्हटलं असतं, बघा, शब्द मोडला. दिलं तर म्हणतात, बघा, मन खात होतं. शिवाय झेरॉक्सवाला आणि शिक्षक आले, तेव्हा यांनी त्यांना खोकं फोडून दिलं नाही. "तुमचं व्हायरसनं गेलं. असली घ्या, पुन्हा जाणार न्हाई." त्यांनी घेतलं. त्यांच्याकडे बघून आणखी काही जणांनी घेतलं. त्या लग्नसराईत काचेतली खोकी आधी कधी गेली नव्हती, तेवढी गेली. टायवाला पेढे घेऊन आला. मी पेढा हातात घेतला आणि कपाटामागे ठेवून दिला.

शब्द चाचांना दिला होता, तसाच त्या दोघांनाही दिला असणार. मग एकालाच का पाळला? ज्याचा आवाज मोठा होता त्याला, की ज्याच्यासमोर गवाह होती त्याला? मी हे यांना विचारू शकले असते. रोज एका ताटावर बसायचो आम्ही. पण एकदा विचारल्यावर हे डबा न घेता निघून गेले, ते मी बघितलं होतं.

चाचा मात्र खूश होते. दिवसाचं काम संपलं की ते मशीनच्या मागचं ते छोटं कुलूप काढून कुडत्याच्या आतल्या खिशात टाकायचे आणि घरी न्यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "सॉफ्टवेअर घरी घेऊन चाललो." त्यांना वाटायचं, अक्षरं त्या कुलपात आहेत. हे कधी त्यांना दुरुस्त करायचे नाहीत. "त्यांना हातात काहीतरी आलं ना, मग बास," म्हणायचे. यांच्या त्या बोलण्यात माया होती की दुकानदारी, हेही मी तेव्हा शोधत बसायचे.

पुढे सगळंच बदललं. खोकीही गेली, लोक मोबाइल दुरुस्तीला यायला लागले. यांची तब्येत ढासळली आणि गेल्या उन्हाळ्यात हे गेले.

दहाव्यानंतर चाचा आले. आता त्यांना कमी दिसतं. नातवाने दारापर्यंत सोडलं, आणि मी हात धरून आणून खुर्चीवर बसवलं. इतरांसारखंच तेही म्हणाले, सर जबान के पक्के थे. मी चहा दिला. बसलेली माणसं हळूहळू उठून गेली. खोलीत आम्ही दोघंच राहिलो, तेव्हा ते म्हणाले, "बाई, एक गोष्ट तुमाला ठाऊक न्हाई. रफार गेला त्या टायमाला सरांकडं यायच्या आधी मी मशीन नांदेडला नेली होती. दुसऱ्या दुकानात. चोरून."

"काय म्हणाले तिथं?"

"म्हणला, हे आपोआप होत न्हाई. कोणीतरी करून ठेवलंय."

मी माझी खुर्ची जवळ ओढली. चाचांनीच पुढे सांगितलं. "पर तो बी दुकानदारच, बाई. दुसऱ्याच्या हातचं काम बघून चांगलं म्हणणारा दुकानदार मी तरी पाहिला न्हाई. मी बी म्हणतो ना, दुसऱ्या प्रेसची पत्रिका बघितली की. म्हणून मी त्याचं बी धरलं न्हाई."

"मग यांना का नाही विचारलंत?"

"विचारून काय? व्हय म्हणले असते तर सर झूठे. न्हाई म्हणले असते तर मी कमीना, शक घेतला म्हणून. सरांनी खोकं फोडून दिलं, मी घेतलं. दोघांचं बी राहिलं." त्यांनी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. "आता सर न्हाईत. आता कोणी झूठा होत न्हाई. तुमी घरच्या. तुमाला ठाऊक असंल. केलं होतं का त्यांनी?"

मी म्हणाले, "त्यांनी केलं नसेल."

माझं आयुष्य मराठी शिकवण्यात गेलं. 'केलं नाही' आणि 'केलं नसेल' यांतला फरक मी कितीतरी वर्गांना फळ्यावर लिहून दाखवला आहे. पहिल्यात बोलणाऱ्याला माहीत असतं, दुसऱ्यात तो अंदाज करतो. तोंडातून आलं ते दुसरं होतं. दुरुस्त करायला वेळ होता. चाचा कप धरून थांबले होते, त्यांना घाई नव्हती, आणि एक शब्द बदलला की यांचं सगळं धुऊन निघणार होतं, निदान त्या खोलीपुरतं. मी तो बदलला नाही. यांच्याबद्दल मला ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक आहे म्हणून सांगणं, हे माझ्याने झालं नाही.

"नसंल," चाचा म्हणाले.

दारात आणखी माणसं आली होती. त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून चाचा खुर्चीवरून उठले आणि भिंतीला हात लावत बाजूला झाले.